सेटवरचं नकली रक्त आणि गाझाची बातमी: एका मराठी वृत्तवाहिनीकडून दुरुस्ती मिळवण्याचं प्रकरण

हे प्रकरण नोव्हेंबर-डिसेंबर 2023 मधलं आहे. वाहिनी, शहर आणि माणसं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. वाहिनी मराठी, चोवीस तास बातम्या देणारी. तक्रार करणारे पाच जण: निवृत्त प्राध्यापक, एक वकील, एक व्हिडिओ संपादक आणि दोन विद्यार्थिनी. कुठल्याही पक्षाचा किंवा संस्थेचा लेटरहेड त्यांच्याकडे नव्हता, आणि पुढे त्याचा फायदाच झाला.

पार्श्वभूमी

7 ऑक्टोबर 2023 चा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझावर सुरू झालेलं युद्ध मराठी वाहिन्यांनी पहिले काही आठवडे जवळपास दिवसभर दाखवलं. मराठी वाहिन्यांचं तिथं कुणी नव्हतं. ऑक्टोबरपासून परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाता येत नव्हतं, फार तर इस्रायली लष्कराच्या सोबतीनं, त्यांच्या अटींवर. आतून येणारं जवळपास सगळं चित्रण पॅलेस्टिनी पत्रकारांचं होतं. हे पत्रकार इतक्या संख्येनं मारले जात होते की कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स या संस्थेनं 1992 पासून ठेवलेल्या नोंदींत इतका घातक काळ दुसरा नव्हता.

म्हणूनच 'गाझातले लोक जखमांचं नाटक करतात' हा आरोप साधा नव्हता. तो एकदा चिकटला की आतून येणारं प्रत्येक चित्र संशयित ठरतं, आणि बाहेरच्या कुणाला आत जाऊन खातरजमा करता येत नसल्यामुळे तो पुसूनही निघत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक व्हिडिओ जगभर फिरला. त्यात रंगभूषाकार लोकांच्या चेहऱ्यांना नकली रक्त लावताना दिसत होते. इस्रायली पंतप्रधानांचे अरब माध्यमांसाठीचे प्रवक्ते ओफिर गेंडेलमन यांनीही तो 'पॅलेस्टिनी लोक माध्यमांना फसवतात' अशा अर्थानं एक्सवर टाकला. प्रत्यक्षात ते लेबनॉनमध्ये चित्रित झालेल्या एका लघुपटाच्या सेटवरचं चित्रण होतं. दिग्दर्शक लेबनीज, आणि लघुपट गाझातल्या लोकांच्या हालांबद्दलच. दिग्दर्शकानं स्वतः ते सांगितलं आणि फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी लगोलग खुलासे छापले.

नेमकं काय दाखवलं गेलं

शुक्रवार, 10 नोव्हेंबर, धनत्रयोदशी. रात्री नऊच्या बुलेटिनमध्ये वाहिनीनं हाच व्हिडिओ सुमारे दोन मिनिटं चालवला. वरच्या पट्टीवर 'गाझात जखमांचं नाटक?', खालच्या पट्टीवर 'हमासचा बनाव उघड'. म्हणजे वर प्रश्नचिन्ह आणि खाली निकाल. अँकरच्या तोंडी 'हे बघा, कसा मेकअप सुरू आहे' असं वाक्य. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'व्हायरल व्हिडिओ, वाहिनी पुष्टी करत नाही' ही ओळ, तीही चारच सेकंद.

तोच तुकडा यूट्यूबवर वेगळा चढवला गेला आणि तिथल्या थंबनेलवरचं प्रश्नचिन्हही गळालं. या पाच जणांपर्यंत तो लक्ष्मीपूजनाच्या रात्री, रविवारी, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून पोचला.

मुदत आणि पर्याय

पहिला झगडा दिनदर्शिकेशी झाला. न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी, म्हणजे एनबीडीएसए, ही वृत्तवाहिन्यांची स्वनियमन यंत्रणा. तिच्या नियमांनुसार तक्रार आधी वाहिनीकडे, प्रक्षेपणापासून सात दिवसांत करावी लागते. वाहिनीनं सात दिवसांत उत्तर द्यायचं. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर पुढच्या चौदा दिवसांत एनबीडीएसएकडे जाता येतं. म्हणजे यांच्या हातात शुक्रवार, 17 नोव्हेंबरपर्यंतचाच वेळ होता, आणि मध्ये पाडवा, भाऊबीज. लोक तक्रार करत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा अनास्था नसतं. सात दिवस उलटून गेल्यावर त्यांना नियम कळतो.

चार वाटा चर्चेत आल्या.

विद्यार्थिनींचा कल एक्सवर वाहिनीला टॅग करून मोहीम चालवण्याकडे होता. त्यात वेग होता, पण वाहिनीची सोशल मीडिया टीम आणि बुलेटिन ठरवणारी माणसं वेगळी असतात. शिवाय नोव्हेंबर 2023 मध्ये 'गाझा' हा शब्द असलेल्या कुठल्याही पोस्टखाली अर्ध्या तासात शिवीगाळ सुरू व्हायची आणि चूक बाजूला पडायची. ही वाट मागे ठेवली.

कोर्टाची वाट वकिलांनीच बंद केली. बदनामीसाठी बदनाम झालेली ओळखता येण्याजोगी व्यक्ती लागते. जनहित याचिकेला महिने लागतात, आणि प्रकरण न्यायप्रविष्ट झालं की एनबीडीएसए ते ऐकत नाही.

प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाचं नाव प्राध्यापकांनी काढलं. ते वृत्तपत्रांसाठी आहे, टीव्ही तिच्या कक्षेत येत नाही. दरवर्षी कितीतरी तक्रारी या एका चुकीनं वाया जातात.

उरली वाहिनीकडे लेखी तक्रार. त्याआधी वाहिनी एनबीडीएसएच्या सदस्य यादीत आहे का, हे पाहिलं. सगळ्या वाहिन्या त्यात नाहीत, काही दुसऱ्या संघटनेत आहेत. ही होती. 2021 मध्ये केबल टीव्ही नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसारही वाहिनीला तक्रारीची पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत द्यावा लागतो, म्हणून पत्रात या नियमांचाही उल्लेख केला. एनबीडीएसएचा दंड तेव्हा जास्तीत जास्त 1 लाख रुपये होता. ही रक्कम वाहिनीच्या मानानं किरकोळ असल्याचं ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बोलून दाखवलं होतं. तेव्हा दंडाची भीती घालून काही मिळणार नव्हतं. वाहिनीला टोचते ती सार्वजनिक होणारी ऑर्डर आणि कायदा विभागाचा जाणारा वेळ.

पुरावा

व्हिडिओ संपादकानं पहिल्या रात्रीच काम सुरू केलं आणि तिथंच हे प्रकरण तरलं. तक्रार गेल्याबरोबर यूट्यूबवरचा तुकडा गायब होतो, हा नेहमीचा अनुभव. त्यानं पूर्ण तुकडा स्क्रीन रेकॉर्ड केला. ब्राउझरची पत्त्याची ओळ, व्ह्यूजचा आकडा आणि संगणकाचं घड्याळ एकाच चौकटीत येईल असं. इंटरनेट अर्काइव्हवर पानही जतन केलं, पण तिथं यूट्यूबचं शीर्षक आणि थंबनेल टिकतं, व्हिडिओ चालेलच याची खात्री नसते. म्हणून दोन्ही लागतात.

मग तक्ता. चार रकाने: वेळ, चित्र, पट्टीवरचा मजकूर, अँकरचं बोलणं. दोन मिनिटांच्या तुकड्याला तीन तास लागले, कारण वरची पट्टी, खालची पट्टी आणि धावती पट्टी वेगवेगळ्या वेळी बदलतात. 'पुष्टी करत नाही' ही ओळ 0:11 ला येते आणि 0:15 ला जाते, 'बनाव उघड' मात्र 0:06 पासून शेवटपर्यंत आहे. हे त्या तक्त्यामुळेच दिसलं. नुसतं बघताना कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मूळ शोधण्यासाठी तुकड्यातल्या पाच चौकटी काढून गूगल लेन्समध्ये टाकल्या. त्यातल्या तीन थेट सेटवरच्या मूळ चित्रणापर्यंत घेऊन गेल्या. दोन्हींच्या चौकटी शेजारी शेजारी ठेवून एक पान बनवलं, खाली दिग्दर्शकाच्या खुलाशाचा आणि दोन फॅक्ट-चेकचा दुवा. फॅक्ट-चेक एकच दिला असता तर 'तेही पक्षपाती' म्हणून उडवता आला असता.

तक्रार लहान करणं

खरा वाद इथं झाला. पहिला मसुदा सहा पानांचा होता. त्यात भारतानं 1988 मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिल्यापासून सुरुवात, 27 ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत तटस्थ राहिल्याची खंत, गाझातल्या मृतांचे आकडे, वाहिनीच्या महिन्याभराच्या बातम्यांतले अकरा मुद्दे, आणि मग पान पाचवर हा व्हिडिओ.

वकिलांनी मसुदा परत केला. "सर, यातलं सगळं खरं आहे, पण यातल्या एकाच गोष्टीवर समोरच्याला 'हो, चुकलं' म्हणावं लागेल. बाकी सगळ्यावर तो 'हे आमचं संपादकीय स्वातंत्र्य' म्हणेल, आणि उत्तर तेवढ्यालाच देईल."

प्राध्यापकांना हे सहज पटलं नाही. एका तुकड्याची चूक मान्य करून घेतली, तर महिनाभराचा एकांगीपणा सुटून जातो, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वृत्तांकनातला कल एका बातमीत सिद्ध होत नाही. त्यासाठी किमान चार आठवड्यांची सगळी बुलेटिनं, कुणाला किती वेळ बोलू दिलं, कुणाचा दावा नाव घेऊन सांगितला आणि कुणाचा वाहिनीचं स्वतःचं विधान म्हणून वाचला, अशी मोजणी लागते. ती हातात नव्हती आणि चार दिवसांत होणारी नव्हती. अकरा मुद्दे बाजूला काढून ठेवले.

आणखी एक वाक्य गाळलं गेलं. 'ज्यूंच्या हातातल्या जागतिक माध्यमांनी' अशी सुरुवात असलेलं, कुणीतरी फॉरवर्डमधून उचललेलं. वकिलांनी ते लाल केलं आणि मसुदा एका बेने इस्रायली परिचितांना वाचायला दिला. महाराष्ट्रात कोकणपट्टीपासून ठाणे-मुंबईपर्यंत मराठी बोलणारा हा ज्यू समाज पिढ्यानपिढ्या राहतो. 'ज्यू' आणि 'इस्रायल सरकार' एकच धरणारी तक्रार अचूकतेबद्दल बोलायला अपात्र ठरते. त्या गृहस्थांनी अजून एका ठिकाणी खूण केली: 'इस्रायलनं पसरवलेला व्हिडिओ' असं मोघम होतं, त्याऐवजी 'अमुक प्रवक्त्यानं शेअर केलेला' असं करायला सांगितलं. मसुदा त्यामुळे जास्त पक्का झाला.

शेवटची तक्रार दीड पानाची, इंग्रजीत, सोबत मराठी तक्ता. क्रम असा: काय, कधी, कुठे दाखवलं. ते चूक का आहे. वृत्तवाहिन्यांच्या आचारसंहितेतलं अचूकतेचं आणि निःपक्षपातीपणाचं तत्त्व. मग मागण्या. बहुतेक तक्रारी 'योग्य ती कारवाई व्हावी' इथं संपतात, आणि योग्य ती कारवाई म्हणजे काय हे वाहिनी ठरवते. इथं दुरुस्तीचा मजकूरच लिहून दिला:

'10 नोव्हेंबरला रात्री 9 च्या बुलेटिनमध्ये दाखवलेला व्हिडिओ गाझातल्या बनावाचा नसून लेबनॉनमधल्या एका लघुपटाच्या चित्रीकरणाचा आहे. त्यासोबत दाखवलेला मजकूर चुकीचा होता. याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

तीन वाक्यं, अँकरच्या तोंडी, त्याच वेळेच्या बुलेटिनमध्ये, पट्टीसह. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स या चारही ठिकाणांहून तुकडा काढणं, प्रत्येकाचा पत्ता वेगळा लिहून. दंड मागितला नाही.

सही कुणाची, हा प्रश्न शेवटपर्यंत रेंगाळला. विद्यार्थिनी मुस्लिम होत्या. त्यांचं नाव पत्रावर आलं की वाहिनी मजकुराऐवजी नावं वाचेल, अशी भीती एकीनंच बोलून दाखवली. दुसरी म्हणाली, नाव लपवायचं तर मग मेहनत कशाला? शेवटी प्राध्यापक आणि वकील यांच्या सह्या झाल्या. निर्णय व्यवहार्य होता, सुखाचा नव्हता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी 16 तारखेला दुपारी, वाहिनीच्या संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर पत्र गेलं. मुदतीच्या एक दिवस आधी.

वाहिनीचं उत्तर

शुक्रवारी सकाळी यूट्यूबवरचा तुकडा नाहीसा झाला. फेसबुकवरचा राहिला.

लेखी उत्तर 23 नोव्हेंबरला, सातव्या दिवशी, कायदा विभागाकडून आलं. त्यात चार मुद्दे: शीर्षकात प्रश्नचिन्ह होतं, पुष्टी करत नसल्याची सूचना दाखवली होती, व्हिडिओ आता काढला आहे, म्हणून विषय संपला, आणि चौथा, अनपेक्षित. सही करणाऱ्या प्राध्यापकांनी ऑक्टोबरमध्ये फेसबुकवर टाकलेला एक फोटो त्यांनी उत्तराला जोडला होता. गाझातलं जखमी मूल म्हणून टाकलेला तो फोटो सीरियातल्या युद्धातला, कितीतरी वर्षं जुना निघाला. 'तक्रारदार स्वतःच अपुष्ट मजकूर पसरवतात,' असं खाली लिहिलेलं.

कायद्यानं या मुद्द्याला किंमत शून्य. वाहिनीच्या आचारसंहितेचा प्राध्यापकांच्या फेसबुकशी संबंध नाही. पण गटाचे दोन दिवस त्यातच गेले. प्राध्यापकांनी पोस्ट नुसती पुसली नाही, तर तिच्या जागी फोटो कुठला आहे हे लिहून चूक मान्य केली आणि त्याचा दुवा वाहिनीला पाठवला: दुरुस्ती कशी करतात, त्याचा हा नमुना. कायदा विभागाला बहुधा ते आवडलं नसावं.

बाकी तीन मुद्द्यांना उत्तर तक्त्यातून दिलं. प्रश्नचिन्ह वरच्या पट्टीवर, निकाल खालच्या. सूचना चार सेकंद, आरोप दोन मिनिटं. काढून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, कारण ज्यांनी नऊ वाजता पाहिलं त्यांना काही कळलं नाही. फेसबुकवरचा पत्ता पुन्हा जोडला.

दुसरी वाट: डेस्क

एनबीडीएसएकडे जाण्याची मुदत 7 डिसेंबरला संपत होती. इथं गटातल्या व्हिडिओ संपादकाच्या ओळखीतून वाहिनीच्या आउटपुट विभागातल्या, म्हणजे पडद्यावर काय जाणार ते पाहणाऱ्या डेस्कवरच्या, एका वरिष्ठांशी बोलणं झालं. कायदा विभागाचं काम वाहिनीचा बचाव करणं असतं. डेस्कवरच्या माणसाला उद्याचं रनडाउन, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांची यादी, चुकू नये असं वाटत असतं. तक्ता पाहिल्यावर त्यांनी बचाव केला नाही. त्या दिवशी दिवाळीमुळे अर्धा डेस्क सुट्टीवर होता, व्हिडिओ हिंदी भावंड-वाहिनीच्या फीडवरून पट्ट्यांच्या मजकुरासह आला आणि खालची पट्टी कुणी वाचलीच नाही, असं त्यांनी सांगितलं.

ते दुरुस्ती चालवायला तयार झाले. फोनवर एक अपेक्षाही आली: मग वर जाऊ नका. गटात मतं फुटली. वकिलांना अर्ज तयार ठेवून दुरुस्ती कधी, कुठल्या बुलेटिनला, हे लेखी मागायचं होतं. बाकीच्यांना संबंध बिघडायला नको होते. लेखी मागितलं नाही.

निष्पत्ती

दुरुस्ती मंगळवार, 5 डिसेंबरला दुपारी 3:40 च्या सुमारास चालली. अठरा सेकंद. 'चुकीचा होता' याऐवजी 'दिशाभूल करणारा असल्याचं समोर आलं', आणि 'दिलगीर' हा शब्द नाही. लघुपट आणि लेबनॉन मात्र स्पष्ट आले. फेसबुकवरचा तुकडा त्याच संध्याकाळी निघाला. मुदतीला दोन दिवस उरले होते. गटानं अर्ज केला नाही.

एवढंच असतं तर हे प्रकरण निम्मं अपयशच म्हटलं असतं. पण मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. गाझातला तात्पुरता युद्धविराम संपल्यानंतर, 1-2 डिसेंबरला, इस्रायलमधल्या जेरुसलेम पोस्ट या दैनिकानं गाझात आजोबांच्या हातातलं मृत बाळ म्हणजे बाहुली असल्याचा दावा छापला. इतर चित्रणांतून ते पाच महिन्यांचं खरंच बाळ असल्याचं दिसत होतं. दैनिकानं बातमी मागे घेतली आणि ती आपल्या संपादकीय निकषांत बसत नव्हती असं सांगितलं. ती मागे घेण्याआधी या मराठी वाहिनीच्या फीडवर आली होती आणि रनडाउनमध्ये लागलीही होती. आउटपुटच्या त्याच वरिष्ठांनी ती थांबवली, आणि ते त्यांनी गटातल्या व्हिडिओ संपादकाला आपणहून कळवलं. मागच्या तक्रारीतला तक्ता अजून त्यांच्या मेलमध्ये वर होता.

जे बाहेर गेलं नाही त्याचा पुरावा कुठल्याच संग्रहात सापडत नाही, पण पाच जणांच्या साडेतीन आठवड्यांच्या कामात सगळ्यात मोलाचं हेच निघालं.

काय वेगळं करता आलं असतं

अर्ज करायला हवा होता. दुरुस्ती स्वीकारूनही तो करता येतो. मिळालेली दुरुस्ती मागितलेल्या वेळेला नव्हती, त्या शब्दांत नव्हती आणि दिलगिरीशिवाय होती, हे लिहून एनबीडीएसएला ठरवू द्यायचं. ऑर्डर निघते तेव्हा ती सार्वजनिक होते आणि इतर सदस्य वाहिन्यांपर्यंत जाते. या प्रकरणातलं शहाणपण मात्र एका माणसाच्या मेलबॉक्समध्ये राहिलं, आणि वृत्तवाहिन्यांत माणसं वर्षा-दोन वर्षांत वाहिनी बदलतात.

डेस्कशी बोलणं पहिल्या दिवशीच सुरू व्हायला हवं होतं, तक्रारीच्या जोडीनं. पहिल्या आठवड्यात दुरुस्ती चालली असती तर पाहणाऱ्याला मूळ बातमी आठवत तरी असती.

सही करणाऱ्यांनी आपली समाजमाध्यमांवरची गेल्या दोन महिन्यांची खाती आधी तपासायची, चुकीचे फोटो दुरुस्त करायचे, आणि मग पत्र पाठवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

हिंदी भावंड-वाहिनीवर तोच तुकडा आधी चालला होता. तिच्याविरुद्ध तक्रार झालीच नाही, कारण ती यांच्यापैकी कुणी पाहत नव्हतं. फीड तिथून येतो, तर पत्राची दुसरी प्रत तिथं जायला हवी होती, त्याच सात दिवसांत.

आणि बाजूला ठेवलेले ते अकरा मुद्दे. एका विद्यार्थिनीनं जानेवारीपासून रात्री नऊचं बुलेटिन रोज मोजायला घेतलं: दावा कुणाचा, नाव घेतलं का, पॅलेस्टिनी माणूस स्वतः बोलला का की त्याच्याबद्दल बोललं गेलं. रकाने तेच, वेळेचा रकाना पहिला.